नेताम सरांचा पेपर

तात्यापारा, रायपूर
९ ऑगस्ट २००४

चि. साक्षीस अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र पोचलं. नागपूरच्या होस्टेलमध्ये खोली मिळाली, खोलीला खिडकी आहे आणि मेसचं वरण पातळ आहे, एवढं कळलं. प्रबंधाचं काय, ते कळलं नाही. फोन नको, पत्रच लिहू या म्हणतेस ते बरं आहे. विभागातला फोन वाजला की क्लार्क, शिपाई आणि कामाशिवाय आलेले दोन विद्यार्थी कान देऊन उभे राहतात.

मी थकले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुरकुर वाचून तुला नवल वाटणार नाही. राजधानी झाल्यापासून दर आठवड्याला विद्यापीठात कुणीतरी पाहुणा येतो आणि भूगोल विभाग म्हणून आम्ही त्याला नवं राज्य समजावून सांगतो. भिंतीवर मात्र अजून अखंड मध्यप्रदेशाचाच नकाशा आहे. त्यातला आपला तुकडा मी काठीनं दाखवते, पाहुणा मान हलवतो, मग चहा येतो.

त्यात कुलगुरूंची मार्गदर्शक योजना. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून, सगळ्या समाजांतून नवे शिक्षक आलेत, त्यांना ज्येष्ठांनी सांभाळून घ्यावं, दर महिन्याला अहवाल द्यावा. माझ्या वाट्याला तू आणि दयाराम नेताम. तू तर कायम होऊन, दोन वर्षांची रजा घेऊन पीएच.डी.ला गेलीस. उरला नेताम. तू गेलीस तेव्हा होता तसाच आहे. कांकेरकडच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर, आठवडी बाजारांवर डॉक्टरेट केलेला, आणि दिवसभरात आमच्याशी मोजून चार शब्द बोलणारा.

आर्थिक भूगोलाचा पेपर याही वर्षी मीच शिकवते आहे. मागच्या वर्षी तो रुजू झाल्या झाल्या एम.ए.च्या पोरांनी काय केलं, ते तू पाहिलंस. ‘सर क्लास में चुप ही रहते हैं’ असा अर्ज आणि खाली सव्वीस सह्या. तो अर्ज डीनकडे गेला असता तर पोराचं नाव पहिल्याच महिन्यात खराब झालं असतं. मी अर्ज फाडला आणि पेपर स्वतःकडे घेतला. त्याला प्रॅक्टिकल आणि सर्वेक्षण शिबिर दिलं. म्हटलं, “नेताम, आराम से जम जाओ, फिर देखेंगे.” तो म्हणाला, “हव मैडम.” एवढंच. 

१९६९ साली मी पहिल्यांदा वर्गात उभी राहिले तेव्हा मुलांनी बाकं वाजवली होती. मला रडू फुटलं. विभागप्रमुख दारातून बघत होते. त्यांनी शिपायाला सांगितलं, “बाई को पानी दे दो,” आणि निघून गेले. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या हाताखालचं माणूस असं एकटं उभं राहणार नाही. पस्तीस वर्षं तेच करते आहे. आता पाठ दुखते.

जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी,
सरोजिनी


नागपूर
२२ ऑगस्ट २००४

ती. मॅडमना सविनय जय भीम,

तुमचं पत्र रूममेटला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझ्या मॅडम मस्त लिहितात. माझं मराठी मात्र अजून लंगडतंच. रायपूरला घरी बाबा मराठीत विचारायचे आणि मी हिंदीत उत्तर द्यायची. इथे भाजीवालीसुद्धा माझं हिंदी ऐकून हसते, म्हणून सुधारणं भाग आहे.

प्रबंधाचं सांगते. रेल्वेच्या मालधक्क्याभोवती वस्त्या कशा वाढल्या हा विषय पक्का झाला. म्हणजे आमची गुढियारीच. गाईड सर वाचतात, लाल पेननं खुणा करतात आणि कागद परत देतात. पुढचं माझं मीच बघायचं. पहिल्यांदा घाबरले होते. आता सवय होऊन राहिली.

मॅडम, एक विचारू? नेताम सरांना तुम्ही पेपर काढून घेण्याआधी विचारलं होतं, की नुसतं सांगितलं होतं? मी तेव्हा शेजारच्या टेबलावर बसायची, पण मला आठवत नाही. आणि या वर्षी त्यांनी तो परत मागितला का? सहज विचारते आहे.

तुमच्या पाठीसाठी इथलं एक तेल चांगलं आहे म्हणतात. दिवाळीला येताना आणते.

आपली,
साक्षी


तात्यापारा, रायपूर
३ ऑक्टोबर २००४

चि. साक्षीस आशीर्वाद,

उत्तराला उशीर झाला. परीक्षा, पाहुणे आणि पाठ.

सहज विचारते असं लिहिलं की ते सहज नसतं, एवढं मला या वयात कळतं. नाही, त्यानं पेपर मागितला नाही. आणि मी काय विचारणार होते? पोहता येत नसलेल्याला कुणी विचारतं का, की बाबा तुला बाहेर काढू का? उलट तो खूश दिसतो. धमतरीजवळचं शिबिर त्यानं एकट्यानं केलं. पोरं म्हणे पहाटे साडेपाचला उठून मोजणीची साखळी धरून शेतात उभी होती. माझ्या शिबिरात कधी सातच्या आत उठली नाहीत. दुपारी मात्र तो आमच्याबरोबर डबा खात नाही, कँटीनला जातो. लाजत असेल. मी आग्रह करत नाही.

तुझे बाबा परवा घरी आले होते. रिटायर झाल्यापासून तुळशीरामभाऊ सायकलनं सगळं रायपूर फिरतात वाटतं. चहा घेतला. मग जरा वेळ टोपीच हातात फिरवत बसले आणि म्हणाले, “मॅडम, मले एक सांगा. पीएच.डी. त म्हणे रायपुरातच होत होती. तुमीच करवून देणार होत्या. मंग पोट्टी नागपूरले काहून गेली? घरी काही बोलत नाही. विचारलं का फक्त, जाने दो ना बाबा.”

मी म्हटलं, तिथली लायब्ररी मोठी आहे. त्यांना पटलं नाही. खरं म्हणजे मलाही पूर्ण पटलेलं नाही. मी तुझी गाईड व्हायला तयार होते हे तुला माहीत होतं. असो.

आमचे यशवंतराव हे सगळं वर्तमानपत्राआडून ऐकत होते. तुझे बाबा गेल्यावर मला म्हणतात, “तू ताट वाढून पुढं ठेवतेस आणि घासही तूच खातेस.” पोस्टात चाळीस वर्षं शिक्के मारलेल्या माणसानं शिकवण्याबद्दल बोलू नये, असं मी त्यांना सांगितलं. दोन दिवस अबोला होता.

तुझी,
सरोजिनी


नागपूर
२० ऑक्टोबर २००४

ती. मॅडमना सविनय जय भीम,

बाबांचं ऐकून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. तुम्ही सांगितलं तेच खरं आहे. इथली लायब्ररी मोठी आहे.

आज मुद्दाम एका कामासाठी लिहिते आहे. माझ्या रजेचे कागद बघताना विद्यापीठाचे सेवानियम परत वाचले. कायम व्हायचं तर परिवीक्षेच्या दोन वर्षांत थिअरीचा निदान एक पेपर स्वतः शिकवलेला असावा लागतो. माझ्या वेळी तो होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. नेताम सरांचा नाही. त्यांची दोन वर्षं येत्या जुलैत संपतात.

मॅडम, अजून वेळ आहे. अर्धं सत्र तरी त्यांच्या नावावर लावा. पोरं हसली तर हसू द्या. आणि ते कँटीनला लाजून जात नाहीत. मी तिथे होते तेव्हापासून एम.ए.ची चार-पाच मुलं रोज त्यांच्या टेबलावर असतात. मी दोनदा पाहिलं आहे, बोलत ते असतात आणि ऐकत पोरं असतात.

यशवंतराव काकांना नमस्कार. अबोला सुटला का?

आपली,
साक्षी


तात्यापारा, रायपूर
१२ जानेवारी २००५

चि. साक्षी,

तू दिवाळीत दोनदा घरी आलीस, तेल दिलंस, आणि दोन्ही वेळा मी तुझ्यासमोर त्या नियमाचा विषय टाळला. ‘मी आहे ना’ म्हणाले. नियम फायलीसाठी असतात, त्याला कायम करायचं की नाही ते ठरवणाऱ्या समितीपुढे मी बसणार, समजावून सांगणार, असं मी धरून चालले होते.

परवा समिती बसली. मार्गदर्शकानं आत बसायचं नाही, असं ऐन वेळी कळलं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आत काय झालं ते नंतर रजिस्ट्रारनं सांगितलं. फॉर्मवर ‘शिकवलेले थिअरीचे पेपर’ असा रकाना आहे. तो कोरा. बाहेरून आलेल्या सदस्यानं विचारलं, डेढ़ साल में एक भी पेपर क्यों नहीं? नेताम म्हणाला, “समय सारणी विभाग बनाता है, सर.” बस. माझं नाव नाही, अर्जाचं नाव नाही, काही नाही. त्यांनी लिहिलं की वर्गात शिकवण्याची क्षमता दिसून आलेली नाही, जुलैनंतर सेवा पुढे चालू ठेवू नये. कागद कुलगुरूंकडे जाईल. महिनाअखेर सही.

बाहेर आला तेव्हा मी उठून उभी राहिले. त्यानं नमस्कार केला आणि प्रॅक्टिकल घ्यायला गेला. दोनला प्रॅक्टिकल होतं.

साक्षी, मला झोप नाही. त्याच्या पगारावर गावी दोन भावंडं शिकतात. मी कुलगुरूंना भेटणार आहे. ठरवलं आहे काय बोलायचं ते. आदिवासी भागातला मुलगा आहे, स्वभावानं बुजरा आहे, अजून वर्गापुढे उभं राहण्याइतका धीर आलेला नाही, आपण सांभाळून घेतलं नाही तर कोण घेणार. मी हात जोडले तर ते नाही म्हणणार नाहीत. माझी निवृत्तीनंतरची पुनर्नियुक्तीही त्यांच्याच टेबलावर आहे, त्यामुळे सध्या ते माझ्याशी गोडच बोलतात.

लवकर लिही.

सरोजिनी


नागपूर
१९ जानेवारी २००५

मॅडम,

सोमवारी तुमचं पत्र मिळालं. तीन वेळा उत्तर लिहून फाडलं. हे चौथं आहे, जसं आहे तसं टाकते.

कुलगुरूंना ते सांगू नका. हात जोडते. तुम्ही ते बोललात की नेताम सर कायम होवोत न होवोत, जन्मभर बुजरे राहतील. फायलीत तेच जाईल. त्यांना वर्गापुढे उभं राहण्याचा धीर नाही हे तुम्हाला कसं माहीत? ते किती दिवस उभे राहिले? नऊ दिवस. मी मोजले होते. दहाव्या दिवशी तुम्ही पेपर घेतला.

आता माझं सांगते. बाबांना नाही सांगितलं, तुम्हाला सांगते. २००१ मध्ये मी रुजू झाले तेव्हा माझ्या तासाला तुम्ही शेवटच्या बाकावर येऊन बसायच्या. वर्षभर. मुलानं प्रश्न विचारला की मी तोंड उघडायच्या आत तुम्ही मागून उत्तर द्यायच्या. मग सगळा वर्ग मागं वळायचा. मला चाळीस पाठी दिसायच्या. मी पाठींना शिकवत होते, मॅडम. आणि तास संपला की रोज तुम्हाला थँक यू म्हणत होते.

एकदा एका पोरानं माझ्या आडनावावरून विचारलं, मैडम किस कोटे से आई हैं. तुम्ही मागून उठलात, त्याला वर्गाबाहेर काढलंत, संध्याकाळी त्याच्याकडून माफी लिहून घेतलीत. सगळ्या विभागानं तुमचं कौतुक केलं. मीही केलं. पण मला उत्तर येत होतं. गुढियारीत वाढलेली पोट्टी आहे मी, असल्या प्रश्नांना उत्तरं देतच मोठी झाले. ते उत्तर मी त्या दिवशी दिलं असतं तर पुढं कुणी विचारलं नसतं. ते राहून गेलं ते राहिलंच. पुढची दोन वर्षं पोरं मला घाबरली नाहीत, तुम्हाला घाबरली.

नागपूरला काहून गेली, हे बाबांनी विचारलं ना? तुम्ही गाईड व्हायला तयार होता, म्हणूनच इकडे आले. लायब्ररी तर रायपूरची पण पुरली असती.

तुम्ही वाईट केलं असं मी म्हणत नाही. माझ्यासाठी तुम्ही जितकं केलं तितकं कुणी केलेलं नाही, आणि तेच सांगता येत नव्हतं. पण नेताम सरांची नोकरी चालली आहे. कुलगुरूंना जे खरं आहे ते लिहून द्या. रकाना त्यांनी कोरा ठेवला नाही.

साक्षी


नागपूर
२० फेब्रुवारी २००५

ती. मॅडमना सविनय जय भीम,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. मी जास्त बोलले. बोलण्याची रीत चुकली असेल, त्याची माफी मागते. बोलले ते मात्र मागे घेत नाही.

विभागात दोनदा फोन केला. क्लार्क म्हणाला मैडम मीटिंग में हैं. नेताम सरांचं विचारलं तर म्हणाला, क्लास में हैं. कोणत्या क्लासमध्ये ते त्यानं सांगितलं नाही. बाबांना सायकलवरून पाठवणार होते, मग वाटलं नको.

तुम्ही बऱ्या आहात एवढं तरी दोन ओळी लिहून कळवा. बाकी काही नको.

साक्षी


तात्यापारा, रायपूर
१३ मार्च २००५

चि. साक्षीस अनेक आशीर्वाद,

बरी आहे. तुझं ते पत्र मी उशीखाली ठेवलं होतं आणि यशवंतरावांनी ते मला न विचारता वाचलं. वाचून परत उशीखाली ठेवलं. त्यांनी काही बोलावं असं मला वाटत होतं.

आधी तुझ्यावर राग आला. इतका की तीन-चार दिवस मनातल्या मनात तुला उत्तरं देत होते. पोळ्या करताना, रिक्षात, समिती बसते त्या खोलीपुढून जाताना. मग एके दिवशी वर्गात एका मुलीनं मला प्रश्न विचारला आणि उत्तर देताना मला तुझ्या त्या पाठी आठवल्या. मी मधेच थांबले. पोरांना वाटलं मला चक्कर आली. एकानं पाणी आणून दिलं.

एकोणतीस जानेवारीला कुलगुरूंना टिपण दिलं. दीड पान. डॉ. नेताम यांचा पेपर मी नऊ दिवसांत, त्यांना न विचारता काढून घेतला. विद्यार्थ्यांचा अर्ज मी नोंद न करता फाडला. नियम लक्षात आणून दिल्यावरही मी वेळापत्रक बदललं नाही. रकाना कोरा राहिला तो माझ्यामुळे. खाली सही. टाइप करायला क्लार्कला दिलं नाही, हातानं लिहिलं. कुलगुरूंनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, “मैडम, यह आप रिटायरमेंट के साल में लिख रही हैं?” मी म्हटलं, हो, आधी लिहायला हवं होतं. त्या दिवसापासून ते माझ्याशी गोड बोलत नाहीत. पुनर्नियुक्ती गेली. विभागात काही जण मला बघून आवाज खाली करतात. येत्या जूनमध्ये मी घरी.

नेतामची सेवा संपवली नाही. परिवीक्षा एक वर्षानं वाढवली आहे आणि थिअरीचा पेपर देण्याचा आदेश आहे. आदेशात मार्गदर्शक कोण, ते शिक्षकानंच सुचवावं असं लिहिलं होतं. त्यानं कागद माझ्यासमोरच भरला आणि माझ्याकडे सरकवला. तुझं नाव आहे. जुलै २००६ पर्यंत तुझी रजा आहे हे मी त्याला सांगितलं. “पत्र से पूछ लूँगा,” म्हणाला. तेव्हा त्याचं पत्र येईल. त्याला काय लिहायचं ते मी तुला सांगणार नाही. सांगावंसं मात्र फार वाटतं आहे.

एकतीस जानेवारीला त्याचा पहिला तास झाला. मी माझ्या खोलीत बसले होते, दोन खोल्या पलीकडे. दहा मिनिटांनी पोरं हसली. मी खुर्चीतून अर्धी उठले. दारातला शिपाई माझ्याकडे बघत होता. मी परत बसले आणि टेबलाची कड धरून ठेवली. पुन्हा हसली. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. ती का हसली ते मला अजून माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. तास दहा मिनिटं जास्त चालला.

आता जे सांगण्यासाठी महिनाभर हात धजला नाही, ते लिहिते. त्या तासाच्या आधी सकाळी मी त्याला माझ्या टिपणांची फाईल द्यायला गेले. म्हटलं, अचानक पेपर गळ्यात पडला आहे, तयारीला वेळ नाही, हे घे. साक्षी, तोवरही मी सुधारले नव्हते. मग त्यानं आपलं कपाट उघडलं. आत फायली होत्या. आर्थिक भूगोलाचा प्रत्येक तास, पहिल्यापासून, त्याच्या अक्षरात. वर तारखा. त्या माझ्याच तासांच्या तारखा होत्या. मी ज्या दिवशी जे शिकवणार, ते तोही त्या दिवशी तयार करून येत होता. दोन्ही वर्षं.

मी विचारलं, “क्यों, नेताम?”

तो त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, “सोचता था, किसी दिन मैडम छुट्टी पर होंगी.”

साक्षी, मी एकही सुट्टी घेतली नव्हती. मलेरियात सुद्धा रिक्षानं जाऊन तो तास घेऊन आले होते. त्याच्यासाठी.

तुझी,
सरोजिनी